रिकाम्या हातानं विचारायचा प्रश्न

अंबुजाअक्कांचं नाव सगळ्यांत आधी लिहिते. लिहिता लिहिता माझा हात थकला, किंवा संपादकांनी मधेच कात्री लावली, तरी निदान एवढं छापून यावं. मद्रासला मला ज्यांनी कामाला लावलं, तमिळ बोलायला शिकवलं आणि माझी चूक स्वतःच्या सहीखाली घेतली, त्या स्टाफ नर्स अंबुजाबाई. तंजावरच्या. आम्ही सगळ्या त्यांना अक्का म्हणायचो.

माझं शिक्षण सहावी पास, सातवी अर्धी. म्हणून शुद्धलेखन भाचीनं तपासलंय. मजकुराला मात्र तिला हात लावू दिलेला नाही. दिवाळी अंकात दवाखान्याबद्दल डॉक्टर लिहितात, मोठ्या नर्सबाई लिहितात. मी मोठी कधीच झाले नाही. सहाय्यक परिचारिका म्हणून लागले आणि तशीच निवृत्त झाले. तेव्हा कुणाला वाटेल, हिला काय विचारायचं? बरोबर आहे. मलाही लिहायला बसताना तीनदा पेन खाली ठेवावं वाटलं.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. तिकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. सोनारांच्या दुकानातला चुरा, झाडलेली माती घ्यायची आणि ती आटवून, गाळून त्यातलं सोनं-चांदी वेगळं करायचं. माझ्या मामांचं असं दुकान मद्रासला जॉर्ज टाउनमध्ये होतं. वर दोन खोल्या. मामीचं बाळंतपण आलं तेव्हा मला आणलं. शाळा त्याआधीच तीन वर्षं सुटली होती. वय सोळा. मामीचं पोर कडेवर आणि खाली तेजाबाचा वास, एवढंच माझं मद्रास. रस्त्यावर कुणी बोललं तर एक अक्षर कळायचं नाही. मी खिडकीतनं बघायची आणि वाटायचं, आपण बहिरे झालोत.

आठेक महिन्यांनी ते बाळ तापलं. मामी अशक्त, मामा भट्टीवर, म्हणून बाळाला घेऊन मी धर्मादाय दवाखान्याच्या रांगेत उभी राहिले. (त्या दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या पुष्कळ लोकांनी माझं भलं केलंय.) बाळ किंचाळत होतं आणि मी आपली, "गप ऱ्हा की रं, गप ऱ्हा," म्हणत होते. पुढून जाणारी एक नर्स थांबली. उंच, सावळी, नाकात दोन्हीकडं खडे. म्हणाली,

"कोण गे तूं? कोठली?"

मराठी! पोथीतली वाटावी अशी, आणि हेल पक्का तमिळ. पण मराठी. मी जी रडायला लागले ती बाळापेक्षा मोठ्यानं.

"अय्यो! काय म्हणून रडतीस? मी मारिलें काय तुज?"

त्या अंबुजाअक्का, तंजावरला भोसल्यांच्या राज्यापासून राहिलेल्या मराठी घरातल्या. महिनाभरात त्यांनी मला मुलांच्या वॉर्डात मदतनीस म्हणून लावलं. मामा काही सोपा माणूस नव्हता. "आमच्या पोरीनं लोकांची हागणी-मुतणी काढायची व्हय? गावाकडं कळलं तर लगीन व्हायचं न्हाई हिचं," असं म्हणत होता. अक्का दुकानात जाऊन भट्टीसमोर उभ्या राहिल्या. "राव, तुमच्या घरांत ती काय काढते? अत्तर?" मामा हसला आणि हरला. पुढं तिथंच दोन वर्षांचं सहाय्यकाचं शिक्षणही मी त्यांच्यामुळंच केलं. तमिळ पुस्तक वाचता येत नव्हतं. अक्का संध्याकाळी पान वाचून त्यांच्या मराठीत सांगायच्या आणि मी माझ्या मराठीत लिहून घ्यायची. आमच्या दोघींच्या मराठीत निम्मे शब्द जुळायचे नाहीत, तरी पाठ व्हायचं.

आता वॉर्डाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

चोवीस लोखंडी खाटा, कडेला गज असलेल्या. खाटेवर मूल एकटं. आयांना राहायची परवानगी नव्हती. दुपारी चार ते पाच भेटायची वेळ. पाचला घंटा झाली की बायकांना जिन्यापर्यंत घालवत न्यायचं, हे काम आम्हा सहाय्यकांचं. दार लावलं की दोन्हीकडून रडणं.

आणि मुलांच्या दुखण्याबद्दल तेव्हा आम्हाला काय ठाऊक होतं? खरं सांगायचं तर जे ठाऊक होतं ते न ठाऊक असण्यापेक्षा वाईट होतं. तान्ह्या बाळाला दुखणं कळतच नाही, असं डॉक्टरसुद्धा म्हणायचे. गळू फोडताना त्याच्या तोंडात साखरेच्या पाण्यात भिजवलेली चिंधी द्यायची, झालं. भाजलेल्या मुलाची पट्टी एका झटक्यात ओढली की कमी दुखतं, असं आम्ही धरून चाललो होतो. खेळतंय म्हणजे दुखत नाही. झोपलंय म्हणजे दुखत नाही. आई आल्यावर रडतंय म्हणजे लाड. आणि सगळ्यांत मोठी समजूत ही, की गप्प पडलेलं मूल म्हणजे गुणी मूल.

मोठ्या माणसांच्या वॉर्डात दुखण्यावर औषध डॉक्टर नेमून द्यायचे. मुलांच्या कागदावर बहुतेक वेळा औषधाच्या पुढं तीन अक्षरं असायची, एस. ओ. एस. म्हणजे गरज पडली तर द्या. गरज पडली हे ठरवायचं कुणी? नर्सनं. नर्सला कळायचं कसं? मूल रडलं तर. जे रडत नाही त्याला गरज नाही. त्याचं औषध बाटलीतच राहायचं, आणि बाटली भरलेली राहिली की वॉर्ड चांगला चाललाय असं वाटायचं.

माझं काम असं होतं. सकाळी आणि दुपारी पेनिसिलिनच्या इंजेक्शनची फेरी निघायची. सुई टोचायची नर्स, आणि दोन्ही हातांत ट्रे घेऊन तिच्या एक पाऊल पुढं मी. ट्रेमध्ये उकळलेल्या काचेच्या सिरिंज. सुया त्या काळच्या, जाड, पुन्हा पुन्हा उकळून बोथट झालेल्या. फेरी एकच, म्हणून प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारायचंही त्याच फेरीत. तमिळमधलं मी शिकलेलं पहिलं पूर्ण वाक्य तेच. "वलिक्कुदा?" दुखतंय का?

मूल म्हणायचं, "इल्लै." नाही.

मी मागं वळून नर्सला सांगायची, नाही. ती पुढं जायची.

माझं नाव शेवंता. तमिळमध्येही शेवंतीला जवळपास तेच नाव आहे, म्हणून मुलं मला सेवंदी अक्का म्हणायची. मी त्यांच्याकडून शब्द शिकायची, ती माझ्या उच्चारांना हसायची. मला वाटायचं, मुलांचा माझ्यावर जीव आहे, म्हणून माझ्या खाटांवर रडारड नसते. ग्रेस सिस्टर म्हणून एक नर्स होत्या, जिभेला धार, पण मनानं बऱ्या. त्या म्हणायच्या, "सेवंदी, तुझ्या बाजूला देऊळ झालंय. घंटा तेवढी बांधायची राहिलीय." एकदा मोठे डॉक्टरही म्हणाले, "ही मुलगी चांगली आहे, वॉर्ड शांत ठेवते." मी ते वाक्य महिनाभर मनात घोळवत होते. गावाकडं पत्रातही लिहिलं. नोकरी जाईल, परत त्या दोन खोल्यांत जावं लागेल, ही भीती मला रोज वाटायची. डॉक्टरांच्या त्या वाक्यानं तेवढे दिवस वाटली नाही.

सेल्वी त्या दिवसांत आली.

सात वर्षांची. आई जॉर्ज टाउनमध्येच देवळाच्या कोपऱ्यावर फुलं विकायची. सेल्वी ओट्यावरून पडली आणि उजवं कोपर मोडलं. संध्याकाळी डॉक्टरांनी भूल देऊन हाड बसवलं, हात वाकवून दंडापासून तळव्यापर्यंत प्लास्टर घातलं. बोटांची टोकं तेवढी बाहेर.

आता या प्लास्टरची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. मोडलेला हात आतून सुजतो. प्लास्टर तर सुजत नाही. सूज वाढली की आतल्या आत रक्त अडतं, आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. ते कळवणारी एकच गोष्ट असते, दुखणं. साधं नव्हे, माणूस ओरडेल असं दुखणं, बोट सरळ करायला गेलं की जीव जाईल असं. म्हणून अशा मुलाची बोटं तासा-तासाला बघायची, दाबायची, हलवायची, आणि विचारायचं. हे मला शिकवलेलं होतं. अक्कांनी दोनदा वाचून दाखवलेलं होतं. माझ्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांची ऑपरेशनच्या खोलीत पाळी होती. फेरीला ग्रेस सिस्टर आणि मी. सेल्वी उताणी पडलेली, प्लास्टरचा हात चादरीखाली. केस घामानं कपाळाला चिकटलेले. मी म्हटलं, उकडतंय.

"सेल्वी, वलिक्कुदा?"

तिनं माझ्याकडं नाही, माझ्या हातांतल्या ट्रेकडं बघितलं. तिला पेनिसिलिन नव्हतं, तिला इंजेक्शन द्यायचंच नव्हतं. पण ते तिला कोण सांगणार?

"इल्लै," ती म्हणाली. ओठ पांढरे.

माझे दोन्ही हात ट्रेत गुंतलेले. चादर उचलायची तर ट्रे कुठंतरी ठेवायला हवा. ग्रेस सिस्टर पुढच्या खाटेपाशी पोचल्या होत्या. मी म्हटलं, "समत्तु," म्हणजे शहाणी आहेस, आणि पुढं गेले.

दुपारी बाराला परत तसंच. वॉर्डाचा अहवाल लिहायचं काम अक्कांचंच होतं, म्हणून एकच्या सुमाराला त्या घाईघाईनं आल्या, अहवालाची वही उघडली. "सेल्वी?" मी सांगितलं, दुखत नाही, पडून आहे, गुणी आहे. त्यांनी लिहिलं, 'दुखण्याची तक्रार नाही,' सही केली आणि गेल्या. तेव्हा नर्सांची पाळी तुटक असायची. सकाळी सात ते एक, मग चार तास सुट्टी, मग पाच ते आठ. मी सलग होते, आणि त्या दिवशी मधल्या चार तासांपुरता वॉर्ड ग्रेस सिस्टरकडं होता.

चारला सेल्वीची आई आली, आणि सेल्वीनं अशी किंकाळी फोडली की वॉर्डातली सगळी मुलं उठून बसली.

"बघितलंस?" ग्रेस सिस्टर म्हणाल्या. "सकाळपासून एक शब्द नाही. आई दिसली की नाटक सुरू."

मीही हसले. हे मी लपवणार नाही.

आईनं चादर उचलली, बोटांना हात लावला, आणि मला हाताला धरून ओढायला लागली. भराभर बोलत होती, फुलवाल्या बायका बोलतात तशी, मला निम्मं कळेना. एक शब्द कळला, थंड. बोटं थंड आहेत. मी तिला म्हटलं, बरं होईल, बरं होईल. तेवढं तमिळ मला येत होतं. पाचला घंटा झाली. ती खाटेचा गज सोडीना. मी तिची बोटं एकेक करून गजावरून सोडवली आणि तिला जिन्याकडं नेलं.

जिन्यात अक्का वर येत होत्या. त्या बाईनं त्यांचे पाय धरले.

अक्कांनी तिला उठवलं आणि वर आल्या. हातातली छत्री आणि पिशवी दारातल्या टेबलावर ठेवली. मीही मागोमाग येऊन दुपारच्या सुयांचा ट्रे आवरायला घेतला. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तूं तेथेंच राहा." आणि सेल्वीच्या खाटेवर कडेला जाऊन बसल्या. नियमाप्रमाणं नर्सनं खाटेवर बसायचं नसतं. रिकामे हात मांडीवर. लगेच काही विचारलं नाही. तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. मग तमिळमध्ये, अगदी सावकाश,

"आई आज कोणती फुलं घेऊन बसलीय?"

"मल्ली." म्हणजे मोगरा.

"तुला गुंफता येतात?"

"येतात. आईपेक्षा भरभर."

"असं? मग आज हात काय म्हणतोय?"

सेल्वीनं दाराकडं, माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "रात्रीपासून दुखतोय. आत कुणीतरी चावतंय."

"सकाळी सांगितलं नाहीस?"

"सेवंदी अक्का ऊसी घेऊन आली होती ना. हो म्हटलं की टोचते."

ऊसी म्हणजे सुई. मी हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

अक्कांनी चादर काढली. बोटं फुगलेली, रंग मेणबत्तीसारखा. त्यांनी मधलं बोट जरासं, अगदी जरासं सरळ केलं. पुढचं मी लिहीत नाही.

डॉक्टर पळत आले. कात्रीनं प्लास्टर वरपासून खालपर्यंत कापलं, आतला कापूसही कापला, थेट कातडीपर्यंत. बोटांना हळूहळू रंग आला. मी देवाचं नाव घेतलं. डॉक्टरांनी मान हलवली. ते म्हणाले, रंग येईल, पण आत जे मेलं असेल ते परत येणार नाही. सकाळी कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी मेट्रनच्या खोलीत विचारणा झाली. मी बाहेर धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन उभी होते. दार उघडं होतं.

"अहवालात लिहिलंय, दुखण्याची तक्रार नाही. मुलीला कुणी विचारलं होतं?" मेट्रन म्हणाल्या.

"सही माझी आहे," अक्का म्हणाल्या.

"मी विचारतेय, कुणी विचारलं होतं?"

"सही माझी आहे, मॅडम. बोटं मी स्वतः बघायला हवी होती. बघितली नाहीत."

ते खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं. मला दोन पावलं टाकायची होती. उंबरठा आणि दोन पावलं. मी चादरी छातीशी धरून उभी राहिले. मला मामाच्या वरच्या खोल्या दिसत होत्या, गावाकडचं पत्र दिसत होतं. आतलं बोलणं संपलं. अक्का बाहेर आल्या, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "चादरी घालायाच्या आहेत की नाहीं?"

वॉर्ड सिस्टरच्या जागेसाठी त्यांचं नाव गेलेलं होतं. ते परत आलं. जागा ग्रेस सिस्टरना मिळाली, त्या अक्कांपेक्षा कितीतरी नंतर लागलेल्या. पुढची सगळी वर्षं अक्कांनी त्यांच्या हाताखाली काढली.

आठवड्यानं मी त्यांना गाठलं. म्हटलं, "अक्का, मी मेट्रनना सांगते. विचारलं मी होतं."

"सांगून काय होईल?"

"तुमचं नाव..."

"तुज घालवतील. मग सकाळीं मुलांस कोण विचारील? नवी पोर येईल. तीही ट्रे घेऊनच विचारील." मग म्हणाल्या, "तुज आतां ठाऊक झालें. तिज ठाऊक नसेल. तूंच राहा."

मला माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

त्या दिवसापासून मी एक रीत पाळली. विचारायची फेरी वेगळी. सुयांच्या फेरीच्या अर्धा तास आधी जायचं, हातात काही घ्यायचं नाही, थर्मामीटरसुद्धा नाही. हात मुलाला दिसतील असे ठेवायचे. स्टूल ओढून त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं. दुखतंय का हे पहिलं विचारायचंच नाही. पहिलं काहीतरी घरचं. मूल बोलायला लागलं की दुखणं आपोआप बोलण्यात येतं. आणि आई आल्यावर जे रडतं, त्याच्याकडं आधी जायचं. अक्का म्हणायच्या, मूल दुखणें राखून ठेवितें, ज्याज सांगावें तें माणूस येईपर्यंत.

वॉर्डात थट्टा झाली. "सेवंदीचा दरबार भरला," म्हणायच्या. अर्धा तास जास्त लागतो म्हणून बोलणी खाल्ली. आणि गंमत म्हणजे वॉर्डात रडणं वाढलं. मोठे डॉक्टर एकदा म्हणाले, "पूर्वी इथं शांत असायचं." पण औषधाच्या बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या. भाजलेल्या मुलांच्या पट्ट्या आम्ही मिठाच्या कोमट पाण्यात भिजवून सोडवायला लागलो, झटका बंद. पुढं माझ्यानंतर आलेल्या कितीतरी मुलींना मी हे शिकवलं. निम्म्या जणींनी केलं. निम्म्या म्हणाल्या, वेळ कुणाला आहे?

सेल्वी दीड-दोन महिने वॉर्डात होती. रोज सकाळ-संध्याकाळ तिचा हात कोमट पाण्यात बुडवायचा, बोटं एकेक करून सरळ करायची आणि फळीला बांधायची. ते काम मी मागून घेतलं. ती रडायची, ओरडायची, एकदा मला चावली. ती रडली की मला बरं वाटायचं. गप्प झाली की माझे हात थांबायचे. एवढं करून बोटं वळतच गेली. घरी गेली तेव्हा उजवा हात मनगटापाशी वाकलेला आणि बोटं तळव्यात, काहीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखी.

दहा-बारा वर्षांनी एका सकाळी जॉर्ज टाउनमधून जात होते. देवळाच्या कोपऱ्यावर एक तरुण बाई फुलं घेऊन बसलेली. गजरे गुंफत होती तिची म्हातारी आई. ती नुसतं विकत होती. तिकडं गजरा मुळमनं विकतात, म्हणजे आपला हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. समोरचं गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं, "उजव्या हातानं माप की, डाव्यानं कसलं मापतेस?" तिनं उजवा हात पुढं केला आणि त्यावर गजरा धरला. वळलेल्या बोटांपाशी माप संपलं, डाव्यापेक्षा वीतभर कमी. गिऱ्हाईक ओशाळलं. म्हणालं, "डाव्यानंच दे, मा."

ती हसली, आणि मला बघितलं. ओळखायला क्षणही लागला नाही तिला.

"ऊसी अक्का!"

मुलं पाठीमागं मला तसं म्हणायची, हे मला त्या दिवशी कळलं.

मी कशी आहेस विचारलं. बरी आहे म्हणाली. लग्न झालंय, मुलगी आहे. मग म्हणाली, "त्या दुसऱ्या अक्का कशा आहेत? बसणाऱ्या?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. तिनं डाव्या हातानं दोन मुळम मोजले, पानात बांधले. "एक तुम्हाला, एक त्यांना." त्या सकाळी मी चादर उचलून तुझी बोटं बघितली नाहीत, चूक माझी होती, हे सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. आलं नसतं तरी मी सांगितलं असतं की नाही, ठाऊक नाही. आज सांगतेय, ते तिला वाचता येणार नाही अशा भाषेत.

अक्का आता नुंगंबाक्कमला मुलाकडं असतात. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. सून चांगली आहे. सासूला अत्तै म्हणतात तिकडं. म्हणते, "अत्तै कधी तक्रार करत नाहीत. एवढं दुखणं, पण शब्द नाही." कौतुकानंच म्हणते.

मागच्या महिन्यात मी भेटायला गेले. एका हातात फुलं आणि रव्याच्या लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात औषधांच्या दुकानातून सुनेनं आणायला सांगितलेली पिशवी. दारातूनच म्हटलं,

"अक्का, कशा आहात? दुखतंय का फार?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पिशवीकडं.

"नाहीं गे," म्हणाल्या.

मी पिशवी सुनेला दिली, लाडू दिले, तासभर इकडचं-तिकडचं बोलले, आणि निघाले. बसमध्ये बसले. जेमिनीचा चौक गेल्यावर माझ्या लक्षात आलं, त्यांचे ओठ पांढरे होते. कपाळाला केस चिकटलेले होते, आणि पंखा तर जोरात चालू होता.

एवढ्या वर्षांनी, एवढ्या मुलींना शिकवून, मी परत हातात ओझं घेऊन दारातूनच विचारलं. आणि विचारलं ते कुणाला?

उतरून परत जायला हवं होतं. अंधार पडत होता, गुडघे माझेही दुखतात, मी घरी आले. म्हणून हे लिहायला बसले.

अक्का, हा अंक तुम्हाला सून वाचून दाखवणार नाही, तिला मराठी वाचता येत नाही. मीच घेऊन येईन म्हणत होते. पण आता तोही आणणार नाही. फुलं नाही, डबा नाही, औषध नाही, काहीच घेऊन येणार नाही. स्टूल ओढून तुमच्या डोळ्यांसमोर बसेन आणि हात मांडीवर उघडे ठेवीन. आधी तंजावरचं काहीतरी विचारीन. तुम्ही सांगेपर्यंत उठणार नाही. आणि सांगितलंत की डॉक्टरपर्यंत मी स्वतः जाईन, या वेळी उंबरठ्याबाहेर थांबणार नाही.